बसायची सतरंजी

मी, श्रीमती शालन उद्धव पडवळ, वय वर्षे अडुसष्ट, धंदा परमिट रूम, मूळ राहणार चाकण, हल्ली मुक्काम चिंचवड, हे मृत्युपत्र राजीखुशीने, अक्कलहुशारीने आणि बिननशापाणी लिहून ठेवते.

'बिननशापाणी' हा शब्द वकीलबाई विजयश्री यांनी त्यांच्या नेहमीच्या मसुद्यातून घातला. मी म्हटलं, बाई, बाकीच्यांच्या कागदावर हा शब्द शोभेला असतो, माझ्या कागदावर त्याला पुरावा लागेल. उद्या कोणी कोर्टात विचारेल, बारची मालकीण लिहिताना शुद्धीवर होती कशावरून? म्हणून मुद्दाम आजचा दिवस धरला. आज दोन ऑक्टोबर, ड्राय डे. हॉटेल विसावा बंद आहे. आमच्या चकणावाल्या समाधानने सगळी टेबलं-खुर्च्या धुवायला बाहेर काढली आहेत आणि मी आमच्याच फॅमिली रूममध्ये उरलेल्या एका खुर्चीवर बसून, चहा पीत लिहिते आहे. डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. त्यात साखर वाढलेली निघाली, बाकी काही निघालं नाही. योगायोगाने आजच सर्वपित्री अमावास्याही आहे. तिचं काम पुढे पडणार आहे.

कलम १. माझे यजमान कै. उद्धवराव यांच्यापासून मला दोन अपत्यं, मुलगा ओंकार आणि मुलगी प्राजक्ता. दोघंही शिकलेली, कमावती, आपापल्या घरी सुखी. पण वडिलांच्या दहाव्यापासून ही दोघं एका जागी बसलेली नाहीत. फोनवर 'आईच्या गोळ्या संपल्यात' एवढं बोलतात, दिवाळीला एक सकाळी येतो, दुसरी दुपारी. भावकीला वाटतं, इस्टेटीवरून फाटलं असेल. तसं असतं तर मला एवढा घोर लागला नसता, इस्टेट वाटून टाकता येते. यांचं भांडण एका प्रश्नावरून आहे: माणूस दारू चवीसाठी पितो की चढण्यासाठी? वाचणाऱ्याने हसू नये. या प्रश्नापायी माझी दोन पोरं माझ्या मागे परकी होतील, याची मला भीती वाटते. हे मृत्युपत्र त्यासाठीच आहे, घरदार हे निमित्त.

कलम २. चिंचवडचा फ्लॅट, आतल्या भांड्याकुंड्यांसह, प्राजक्ताला. चाकणला एमआयडीसीच्या संपादनातून उरलेली जमीन ओंकारला. बँकेत जे असेल ते दोघांना सारखं. माझी मोहनमाळ सूनबाई स्वरूपाला, कारण तिने ती कधी मागितली नाही. बांगड्या प्राजक्ताला, कारण तिने लहानपणापासून मागितल्या. यावर कोणी तोंड वाकडं करू नये.

कलम ३. पितळेची मोठी कढई समाधानला. समाधान तुळजापूरकडून कंपनीत कामाला म्हणून आला, कंपनीने कंत्राट संपवलं, आणि तो आमच्याकडे चकणा करायला लागला. चाकणमध्ये चकणा म्हटला की समाधानचा. लसणाची मसाला चणाडाळ, उकडलेल्या शेंगा, वर कांदा-लिंबू. ओंकारने नाशिकहून शिकून आल्यावर त्याला चीजचे तुकडे काड्यांना टोचायला लावले होते. त्या काळात गिऱ्हाईक काड्यांनी दात कोरत चणाडाळ मागत होतं. सदर कढई समाधानच्या मालकीची समजावी आणि तिच्यात चीज पडू नये.

कलम ४. आमच्या सोसायटीचे चेअरमन. नाव लिहीत नाही, त्यांच्या हेल्मेटला माहीत आहे. यांनी माझ्याविरुद्ध नोटीस बोर्डावर लिहिलं, 'दारूच्या धंद्यातील व्यक्तींमुळे सोसायटीचे संस्कार बिघडतात.' आणि दर शनिवारी हेच गृहस्थ चिंचवडहून थेट चाकणला येऊन, कोपऱ्यातल्या टेबलाला भिंतीकडे तोंड करून बसायचे. ऑर्डर येईपर्यंत हेल्मेट काढायचे नाहीत. एकदा घाईत ते इथेच विसरले. मागायला यावं तर कबूल करावं लागेल, म्हणून आजतागायत आले नाहीत. सदर हेल्मेट माझ्या पश्चात सोसायटीच्या सर्वसाधारण सभेत, सगळ्यांसमोर, आदराने परत करावं.

कलम ५. उद्धवरावांच्या टेबलाची खुर्ची नागसेनभाऊंना. नागसेनभाऊ धाराशिवकडचे, चिंचवडच्या कंपनीत फिटर होते, आता रिटायर. उद्धवरावांसोबत त्यांची बैठक आमच्या लग्नाच्या आधीपासूनची. मी त्यांना या कागदावर साक्षीदार व्हा म्हटलं. वकीलबाई म्हणाल्या, साक्षीदाराला काही देत नसाल तर बरं, पुढे वाद नको. नागसेनभाऊंनी थोडा विचार केला. "वैनी, सही करायला कुणीबी भेटंल. खुर्ची मला ऱ्हाऊ द्या," म्हणाले. तेव्हा खुर्ची त्यांची, आणि साक्षीदार दुसरे शोधावे लागले. मी आत्ता याच खुर्चीवर बसले आहे, कागद पुरा झाला की उठते.

कलम ६. हॉटेल विसावा, परमिट रूम, चाकण–तळेगाव रस्ता, इमारत व आतील सामानासह. हे कलम लांबेल, वकीलबाईंनी चहा सांगावा.

ओंकारचं म्हणणं असं. तो वाइनचं शिकला आहे. ग्लास फिरवतो, नाक आत घालतो, डोळे मिटतो आणि म्हणतो, "आई, यात ओल्या मातीचा वास आहे." मी शेतकऱ्याच्या घरातली, ओल्या मातीचा वास फुकट घेतलेला. त्याला विसावा पाडून कंपन्यांच्या साहेबलोकांसाठी टेस्टिंग रूम करायची आहे. खरा पिणारा चवीसाठी पितो, चढणं हा अपघात, असं त्याचं मत.

प्राजक्ता तळेगावला व्यसनमुक्ती केंद्रात समुपदेशन करते. तिचं म्हणणं, "आई, चव-बिव सब झूट. लोक चढण्यासाठीच पितात. चढायची बंद झाली तर उद्या तुझ्याकडे एक माणूस फिरकणार नाही." तिला विसाव्याला कायमचं कुलूप हवं आहे. दिवसभर ज्यांचे संसार ती सांधत बसते, ते बघता तिला वाईट म्हणायला माझी जीभ वळत नाही.

आता माझं ऐका. मी प्यायले नाही कधी, पण चाखलं सगळं आहे, आमटीचं मीठ बघतात तसं, बोटाच्या टोकावर. वाईट, अति वाईट आणि महाग वाईट, एवढाच फरक मला कळला. गल्ल्यावर बसून मी माणसांचे चेहरे बघितले. पहिला घोट घेताना प्रत्येकाचं तोंड आंबट होतं. बासुंदी पिताना कोणी असं तोंड केलेलं मी बघितलं नाही, आणि बासुंदी पिऊन वर कोणी चणाडाळही मागत नाही. चवीसाठी पितात म्हणावं, तर ती चव घालवायला समाधान दिवसभर कढईपुढे का उभा असतो? ओंकार, याचं उत्तर तुझ्या पुस्तकात बघ.

प्राजक्ता, तू खूश होऊ नकोस. चढण्यासाठीच प्यायची तर माणूस घरी पिऊन आडवा होईल, स्वस्तही पडेल. फर्स्ट शिफ्ट सुटल्यावर ही माणसं इथे येतात, आणि तिघं जमली तरी चौथा येईपर्यंत बाटली उघडत नाहीत. फोनवर फोन. "कुठंय भावा? आम्ही थांबलोय." चढण्याची एवढी घाई असलेला माणूस थांबतो होय? मागे एका ड्राय डेला मी दार नुसतं उघडं ठेवलं होतं, साफसफाईला. नेहमीची मंडळी आली. म्हटलं, आज काही मिळणार नाही. "असू द्या वहिनी, सोडा द्या," म्हणाले. सोडा आणि शेंगा. तेवढ्यावर एकाने बदलीचं दुःख सांगून डोळे पुसले, दोघांनी जुनं भांडण उकरून पुन्हा मिटवलं आणि एकजण गायला. जाताना त्यातला एक भिंत धरून गेला. पोटात सोड्याखेरीज काही नव्हतं.

सरकारचं तर तिसरंच. पिण्याच्या परवान्यावर सरकारने लिहिलं आहे की ही दारू प्रकृती राखण्यासाठी. आणि असा परवाना देणाऱ्या खात्याला सगळा तालुका दारूबंदी खातं म्हणतो. तिथे आपण काय बोलणार?

तर सदर हॉटेल दोघांच्या नावे समसमान, अविभक्त. पाडायचं, विकायचं किंवा बंद करायचं असेल तर दोघांची सही लागेल, आणि ती सही दोघांनी फॅमिली रूममध्ये समोरासमोर बसून करायची. वकीलबाई म्हणतात, शेवटची अट कोर्टात टिकणार नाही. मी म्हटलं, कोर्टात नाही टिकली तर पोरांच्या मनात टिकेल, लिहा.

फॅमिली रूमबद्दल दोन शब्द. दारावरच्या पाटीवर 'फॅमिलीसाठी स्वतंत्र व्यवस्था' असं लिहिलं आहे. पडदा आहे, पंखा आहे, भिंतीवर धबधब्याचं चित्र आहे. पण इथे कधीही कुठली फॅमिली येऊन बसली नाही. कोण आणणार बायकापोरांना परमिट रूममध्ये? मीच एकटी इथे बसून डाळ निवडायची. पाटी रंगवणाऱ्याने तेव्हाच विचारलं होतं, "काकू, हे लिहायलाच पाहिजे का?" उद्धवराव म्हणाले, "लिव्ह, लिव्ह. येतील कवातरी."

कलम ७. निळ्या-लाल पट्ट्यांची सतरंजी. हिची हकिकत सांगितल्याशिवाय वाटणी कळायची नाही.

मी मावळातल्या माळकऱ्याच्या घरातून आले. आमच्याकडे 'बसणे' म्हणजे भजनाला बसणे. बाबा संध्याकाळी 'बसायला चाललो' म्हणाले की आई त्यांच्या हातात सतरंजी द्यायची. माझं लग्न झालं, हळद अजून उतरली नव्हती, आणि उद्धवराव चप्पल घालत म्हणाले, "आमी जरा बसायला चाललोय." मला बरं वाटलं, माणूस देवाधर्माचा निघाला. रुखवतातली ही सतरंजी झटकली, घडी घातली आणि त्यांच्या काखेत दिली. नव्या बायकोला काय सांगणार? ते मुकाट घेऊन गेले. बांधावर मित्र वाट बघत होते. काखेतली सतरंजी बघून नागसेनभाऊ म्हणाले, "उद्धवराव, टाळ इसरला का काय?" तिथून पुढे आख्ख्या चाकणमध्ये माझं नाव भजनी वहिनी पडलं.

मला खरा अर्थ कळला तेव्हा मी रडले, मग चिडले. भरल्या घरात विचारलं, "एवढं काय असतं त्या पिण्यात?" तेव्हा ते जे बोलले ते मी थट्टा समजले होते. "आमी पीत न्हाई शालन. आमी बसतो."

पण ती सतरंजी त्यांनी टाकली नाही. मातीवर बसायचे तेव्हा ती न्यायचे. जमीन एमआयडीसीत गेली, बांध गेला, हॉटेल झालं, टेबलं आली, तरी ती त्यांच्या खुर्चीखाली घडी घालून असायची. आणि माझ्याकडून त्यांच्या दहाव्याला ती नदीवर गेली, भांडी बांधून न्यायला.

कलम ८. दहाव्याचं. उद्धवराव झोपेतच हार्टने गेले. दहाव्याला इंद्रायणीकाठी पिंड ठेवला आणि कावळा काही शिवेना. समोर पत्र्यावर बसून आमच्याकडे बघत होता. ओंकारने परदेशी बाटली उघडून पेला ठेवला. "बाबांना चव कळायची," म्हणाला. नागसेनभाऊंनी हळूच खिशातून उद्धवरावांची नेहमीची क्वार्टर काढून शेजारी ठेवली. प्राजक्ता भडकली. "उचल ते सगळं. बाबा चवीसाठी पीत नव्हते, जमीन गेलेली विसरायला पीत होते. मेल्यावर तरी सोडा त्यांना." तिथेच जुंपली. ओंकार म्हणाला, बाबा, हॉटेल चालवीन. प्राजक्ता म्हणाली, बाबा, हॉटेल बंद करीन. दोघांनी एकाच कावळ्याला उलटसुलट वचनं दिली, त्या बिचाऱ्याने कोणाचं खरं मानायचं? गुरुजींना पुढचा दहावा होता, ते घड्याळ बघू लागले.

तेवढ्यात नागसेनभाऊ म्हणाले, "वैनी, गुडघे लई दुखायलेत. बसतो जरा." मी भांड्यांची सतरंजी सोडली आणि अंथरली. ते बसले. त्यांचं बघून ओंकार बसला. प्राजक्ता उभीच होती, तिचा हात धरून मी तिला खाली ओढलं. सतरंजी केवढीशी, मांडीला मांडी लागली. प्राजक्ता ओंकारच्या खांद्याला टेकून रडली.

कावळा पत्र्यावरून उतरला. परदेशी पेल्याजवळून चालत गेला, क्वार्टरजवळून गेला, पिंडाला चोच लावली, आणि जाताना समाधानने ठेवलेल्या ताटलीतली एक शेंग उचलली.

झालं. ओंकार उठून म्हणाला, "बघ! चवीचं उचललं." प्राजक्ता उठून म्हणाली, "बघ! दारूला शिवला नाही." भांडत भांडत दोघं दोन गाड्यांतून गेली, ती आजपर्यंत दोन गाड्यांतूनच येतात. तो का उतरला हे दोघांनीही बघितलं नाही. माझ्या बाळांनो, तुम्ही बसलात म्हणून उतरला. तुमचा बाप ना चवीला प्यायला, ना चढायला. त्याला चार माणसं आपल्याजवळ बसलेली हवी असायची, आणि नुसतं 'माझ्याजवळ बसा' म्हणायची पुरुषांना लाज वाटते, म्हणून मध्ये बाटली ठेवतात. यकृताला हे कारण समजत नाही, हे प्राजक्ताचं खरंच आहे. चांगली दारू वाईट दारूपेक्षा बरी, हे ओंकारचंही खरं असेल. पण मूळ गोष्ट तुम्हा दोघांकडून राहून गेली.

म्हणून सदर सतरंजी दोघांच्या नावे. फाडून वाटणी करायची नाही, वर्षभर तुझ्याकडे, वर्षभर माझ्याकडे असंही करायचं नाही. माझ्या दहाव्याला पेला ठेवू नका, मोहनमाळ ठेवू नका, नवस बोलू नका. सतरंजी अंथरा आणि दोघं बसा. मी येते.

एवढं लिहून वकीलबाईंना वाचायला दिलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "आजी, एक विचारू? हे तुम्ही मेल्यावरच का? तुमच्याकडे फोन नाही का?"

शिकलेली माणसं कधीकधी फार उद्धट बोलतात. मी फोन केला.

पुरवणी, त्याच दिवशी, दुपारी. मी ओंकारला सांगितलं की सर्वपित्रीचं जेवायला ये, प्राजक्ता येणार नाही. प्राजक्ताला सांगितलं, ओंकार येणार नाही. हे बोलताना मी शुद्धीवर आणि बिननशापाणीच होते. दोघं एकदम दारात आली. परत फिरणार तेवढ्यात समाधान ताटं घेऊन समोर उभा राहिला. "गरम हाय, बसा की आता," म्हणाला. बसायला खुर्च्या नव्हत्या, सगळ्या बाहेर वाळत होत्या. एकीवर मी होते, आणि ती मी सोडली नाही. मी खुर्चीखालच्या सतरंजीकडे बोट दाखवलं.

समाधानने वडे, कढी, गवारीची भाजी आणि खीर केली होती. उद्धवरावांचं पान वर गच्चीच्या कठड्यावर ठेवलं आहे. खाली दोघांनी पहिला घास घेतला. मग ओंकारने खीर चाखून विचारलं, "समाधानभाऊ, जायफळ घातलंय ना? काय वास आहे!" प्राजक्ता म्हणाली, "जायफळ वासाला नसतं, झोप यायला असतं." ओंकार म्हणाला, "कुणी सांगितलं तुला? चवीला असतं." तिने वाटी पुढे केली. "मग मला अजून वाढ, बघू कोणाला झोप येते." तिथून जे सुरू झालं आहे ते अजून चालू आहे.

वकीलबाईंनी विचारलं, कलम आठ आता खोडायचं का? मी नको म्हटलं. एकदा बसल्याने सवय लागत नाही, हे मी धंद्याच्या अनुभवावरून सांगते. दोघांनी कागद वाचला. वाचून झाल्यावर प्राजक्ताने तो माझ्या हातात परत दिला. मग ओंकार म्हणाला, "आई, बाबांचा प्रश्न सुटला असेल, जायफळाचा राहिलाय," आणि पुन्हा भांडण धरलं.

भांडताहेत, पण बसून. वर कावळा आला की नाही, ते बघायला कोणी उठलेलं नाही.

हे मृत्युपत्र मी वाचून, समजून, साक्षीदारांसमक्ष सही केलं.

ठिकाण: फॅमिली रूम, हॉटेल विसावा, चाकण
दिनांक: २ ऑक्टोबर २०२४, सर्वपित्री अमावास्या, ड्राय डे

सही: शालन उद्धव पडवळ

साक्षीदार १: सुमनताई बबनराव गव्हाणे, शेजारीण, चिंचवड. परमिट रूममध्ये प्रथमच आले. यजमानांना सांगू नये.

साक्षीदार २: डॉ. इंद्रायणी ढमाले, तळेगाव दाभाडे. लिहून देणार शुद्धीवर आहेत. साखर असून त्यांनी खीर दोन वाट्या घेतली, ते मी बघितलं नाही.